बेळगाव भागातल्या छोट्या धंद्याच्या वेबसाइटला चांगल्या बॅकलिंका कशा मिळवायच्या

निपाणीकडचा चप्पल कारागीर असो, जांबोटीचा होमस्टे असो, नाहीतर उद्यमबागेतलं पॅटर्न शॉप (धातूच्या ओतकामासाठी नमुने बनवणारा कारखाना) असो, वेबसाइट सुरू होऊन तीन-चार महिने झाले की प्रश्न ठरलेला: "ताई, गुगलवर आम्ही इतके खाली का? आमच्यापेक्षा हलका माल विकणारे वर कसे?" मी बेळगावात शहापूरला राहते आणि खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या लहान धंद्यांच्या वेबसाइटी सांभाळते. वेबसाइट उघडून बघितली तर फोटो चांगले असतात, फोन नंबर बरोबर असतो, मोबाइलवर ती पटकन उघडतेही. पण तिची लिंक जगात दुसऱ्या कुणी दिलेलीच नसते. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणाऱ्या अशा लिंकेलाच बॅकलिंक म्हणतात. मालकाच्या फेसबुक पानावर एक आणि भाच्याच्या इन्स्टाग्रामवर एक, एवढ्यावर काम संपलेलं असतं.

हे काम तुम्ही स्वतः करू शकता. पैसा जवळजवळ लागत नाही, वेळ लागतो आणि चार लोकांशी नीट बोलावं लागतं. आपल्या भागातल्या माणसांना हे दुसरं जमतंच, म्हणून मला या कामाबद्दल इतकी खात्री वाटते.

गुगल लिंकांना का मानतं, ते आधी थोडक्यात. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1996 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जो शोधप्रकल्प उभा केला, त्याचं नाव बॅकरब होतं. पानांच्या बॅकलिंका तपासणं हाच त्याचा गाभा होता. ज्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर अभ्यासक वारंवार करतात तो महत्त्वाचा, हा विद्यापीठातला जुना हिशेब त्यांनी वेबपानांना लावला. शिवाय उल्लेख करणारा स्वतः किती वजनाचा आहे, तेही धरलं. या पद्धतीला पेजरँक म्हणतात. आज गुगल कितीतरी इतर गोष्टी बघतं, तरी लिंका त्यात आहेतच. सोयरीक जुळवताना मुलाबद्दल शब्द कोण टाकतोय ते आपण बघतो. रस्त्यावरच्या दहा अनोळखी माणसांपेक्षा त्याच गावच्या एका जुन्या मास्तरांचा शब्द जड पडतो. लिंकेचंही तसंच आहे.

म्हणून कुठलीही लिंक घेण्याआधी मी हे बघते: ती वेबसाइट खरी माणसं वाचतात का? तिचा विषय आपल्या विषयाच्या जवळचा आहे का? लिंक लेखाच्या मजकुरात, वाक्याच्या ओघात येतेय की तळाशी पन्नास नावांच्या रांगेत? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती लिंक दाबणाऱ्या माणसाला काही मिळतंय का? गुगल नसतं तरी ही लिंक आपल्याला हवीशी वाटली असती का, असं स्वतःला विचारा. उत्तर हो आलं तर ती चांगली लिंक.

डोमेन ऑथॉरिटी, डोमेन रेटिंग असे वेबसाइटचं वजन सांगणारे आकडे तुम्हाला कुणीतरी दाखवेल. ते मॉझ, एचरेफ्स अशा खासगी कंपन्यांनी स्वतःच्या अंदाजाने काढलेले आकडे आहेत. गुगल ते वापरत नाही. दोन वेबसाइटींची ढोबळ तुलना करायला ते ठीक, त्यापलीकडे त्यांच्यामागे लागू नका.

आधी लिंक देण्याजोगं एक पान तयार करा

इथेच सगळी मेहनत आहे. "आमची उत्पादने" या पानाला कुणी लिंक देत नाही, आणि का द्यावी? त्यावर फोटो आणि किंमत असते. लिंक मिळते ती माहितीला. आणि अशी माहिती तुमच्या हातात, तुमच्या तोंडात असते, फक्त कुणी ती लिहून ठेवलेली नसते.

चपलांचं उदाहरण घेते. कोल्हापुरी चप्पल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोल्हापूर येतं. पण 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांसाठी: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. अथणी आणि निपाणी भागात पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालतं. एका कारागीर अण्णांच्या वेबसाइटवर सुरुवातीला बारा-पंधरा जोडांचे फोटो आणि खाली "उत्तम दर्जा, योग्य भाव" एवढंच होतं. आम्ही त्यांच्या कामाच्या जागी मोबाइल समोर ठेवला आणि ते हाताने काम करत असताना त्यांना बोलतं केलं. तळाला म्हशीचं जाड कातडं का लागतं, वेणीला बकऱ्याचं का चालतं. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं कसं ओळखायचं. कापशी, पुकारी, कचकडी, बक्कलनाली, पायताण यांत फरक काय. खिळा न मारता वादीने शिवलेला जोड उलटा धरला की टाका कसा दिसतो. नवा जोड चावू नये म्हणून पहिल्या दिवसांत तेल कुठे लावायचं, आणि पावसात तो का घालू नये.

अण्णा म्हणाले, "यात लिहिण्यासारखं काय हाय ओ ताई, हे तर आमच्या पोरासोरास्नी पण ठावं हाय." त्यांच्या पोरांना ठाऊक आहे, पुण्यातल्या गिऱ्हाइकाला नाही, डिझाइन शिकणाऱ्या मुलीला नाही, वार्ताहराला तर नाहीच. आम्ही ते सगळं त्यांच्याच शब्दांत एका लांब पानावर लिहिलं. प्रत्येक प्रकाराचा जवळून काढलेला फोटो टाकला, टाक्याचा वेगळा, कानाचा वेगळा, वेणीचा वेगळा, आणि खाली लिहिलं की नाव आणि लिंक देऊन हे फोटो कुणीही वापरावेत. फोटोबद्दलची ही एक ओळ फार कामाची आहे. हस्तकलेवर लिहिणाऱ्यांना खरे फोटो मिळत नाहीत.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि देशभर गदारोळ झाला, तेव्हा लिहिणाऱ्यांना चप्पल कशी बनते, कुठे बनते हे सांगणारी पानं हवी होती. ज्यांची अशी पानं आधीपासून वेबवर होती, तीच त्यांना सापडली. बातमी फुटल्यावर लिहायला बसणाऱ्याला उशीर झालेला असतो, कारण नवं पान गुगलच्या नजरेत यायलाच वेळ जातो. म्हणून पान आज लिहा. तुमच्या मालाची चर्चा कधी होईल ते तुमच्या हातात नाही.

प्रत्येक धंद्याचं असं एक पान असतं. जांबोटीच्या होमस्टेसाठी ते खोल्यांचं पान नव्हे, तर खानापूर किंवा बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट असं गोव्याला उतरणाऱ्या रस्त्याचं पान: शेवटचा पेट्रोल पंप कुठे, मोबाइलची रेंज कुठे जाते, पंक्चर काढणारा कुठे बसतो, कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी थांबायचं तर गाडी कुठे लावायची, वाट थोडी वाकडी करून हलशीचं कदंबकालीन देऊळ बघायचं तर किती वेळ धरायचा. पॅटर्न शॉपसाठी ते धातू थंड झाल्यावर किती आटतो त्याचा तक्ता: राखाडी बिडाला मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर, पोलादाला 20 च्या आसपास, ॲल्युमिनियमला या दोहोंच्या मधलं, आणि त्यापुढे, जाड-पातळ भाग एकत्र आले की मिस्त्री हा आकडा कसा बदलतो, ते. आकडे पुस्तकात मिळतात. मिस्त्रीचा अनुभव मिळत नाही, आणि लिंक त्यालाच मिळते.

मग कुणाला विचारायचं

ओळखीपासून सुरुवात करा. तुम्ही ज्यांच्याकडून कच्चा माल घेता, ज्यांना माल देता, त्यांच्या वेबसाइटवर "आमचे विक्रेते" किंवा "आमचे ग्राहक" असं पान असतं. ज्या कॉलेजची मुलं तुमच्या कारखान्यात औद्योगिक भेटीला येतात, त्या विभागाच्या पानावर भेटीची नोंद असते. तिथे कारखान्याच्या नावाला लिंक देता येते. तुम्ही ज्या व्यापारी संघटनेचे सभासद आहात, तिच्या यादीत नुसतं नाव आणि फोन असेल तर वेबसाइटही टाकायला सांगा. या लिंका मागायला संकोच वाटायचं कारण नाही, नातं आधीपासून आहेच.

यानंतर आपल्या भागाची खरी कमाई येते. बेळगावच्या माणसाला एका बाजूला कोल्हापूर-सांगली, दुसऱ्या बाजूला धारवाड-हुबळी आणि घाट उतरला की गोवा. पुण्यातल्या दुकानदाराकडे एकाच भाषेतले वाचक असतील, तुमच्याकडे मराठी, कन्नड, कोकणी आणि इंग्रजी वाचणारे आहेत. या तिन्ही दिशांना स्वतःच्या वेबसाइटवर लिहिणारे लोक आहेत: भटकंतीवाले, खाण्यावर लिहिणारे, इतिहासाचे अभ्यासक, शेतीची माहिती देणारे. कुंदा, कर्दंट, बासमती, शहापूरच्या मागावरची साडी, खानापूरची मातीची भांडी यांवर त्यांना लिहायचंच असतं.

यासाठी तुमचं ते मुख्य पान कन्नडमध्येही असू द्या. यंत्राने केलेलं भाषांतर चिकटवू नका. कन्नड माध्यमात शिकलेल्या शेजारच्या कुणाकडून ते नव्याने लिहून घ्या, त्याचे पैसे द्या, पानावर त्याचं नाव द्या. मराठी आणि कन्नड पानं एकमेकांची भाषांतरं आहेत हे गुगलला सांगण्यासाठी एचरेफलँग नावाची खूण असते, ती वेबसाइट करणाऱ्याकडून लावून घ्या. धारवाडचा लेखक तुमच्या मराठी पानाला लिंक देणार नाही, त्याच्या वाचकाला ते वाचता येत नाही. कन्नड पानाला आनंदाने देईल.

पत्ता आणि नाव सगळीकडे एकसारखं ठेवा. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं सरकारी इंग्रजी नाव बदललं, पण जुन्या याद्यांत जुनंच आहे, आणि मराठीत आपण बेळगाव लिहितो. गुगल बिझनेस प्रोफाइलवर जे लिहिलंय तेच वेबसाइटच्या तळाशी आणि संघटनेच्या यादीत असू द्या. मजकुरात मात्र लोक जी जी नावं टाइप करतात ती सगळी ओघात येऊ द्या.

कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा आपल्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. तिथे किंवा एखाद्या क्रीडास्पर्धेला तुम्ही देणगी दिली आणि आयोजकांनी वेबसाइटवर तुमचं नाव टाकलं, तर ती पैशाच्या बदल्यातली लिंक ठरते. तिला "स्पॉन्सर्ड" ही खूण लावायला सांगा. गुगलने ही खूण सप्टेंबर 2019 मध्ये आणली. अशी लिंक क्रमवारीसाठी धरता येत नाही, पण तिच्यावरून खरी माणसं येतात. देणगी द्यायची ती संमेलन व्हावं म्हणून द्या.

विनंतीचं पत्र

"आदरणीय महोदय, आपली वेबसाइट अत्यंत उत्कृष्ट आहे" असं लिहून शंभर जणांना पाठवलेलं पत्र कुणी वाचत नाही. ज्याला लिहायचं त्याचा लेख खरोखर वाचा, आणि पत्रात असं एखादं वाक्य लिहा जे दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही. होमस्टेवाल्यांसाठी मी लिहिलेला एक नमुना देते:

"नमस्कार. पणजीहून बेळगावला मोटारसायकलने आल्याचा तुमचा लेख वाचला. घाट चढताना धुक्यात समोरचा ट्रक दिसला नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्या वळणावर आम्ही रोज तेच बघतो. आम्ही जांबोटीचे. या रस्त्यावर पंप, गॅरेज, दवाखाना कुठे आहे आणि पावसाळ्यात कुठे सावध राहायचं याचं एक पान आम्ही ठेवलंय, दर वर्षी पावसाआधी ते तपासतो. तुमच्या वाचकांना उपयोगी वाटलं तर धुक्याच्या त्या परिच्छेदात त्याची लिंक द्याल का? लेखात दिलेला पंप आता बंद आहे, तेवढं मात्र लिंक दिली नाही तरी दुरुस्त करा, कुणी जंगलात अडकायला नको."

शेवटचं वाक्य बघा. त्यात आपण आधी काहीतरी देतो. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. आणि वृत्तपत्राच्या तालुका वार्ताहराला ईमेल पाठवत बसू नका, सरळ फोन करा. बातमी छापून आल्यावर ऑनलाइन आवृत्तीत वेबसाइटची लिंक घालता येईल का, हे त्यालाच विचारा.

आणखी दोन वाटा कमी त्रासाच्या आहेत. पहिली: तुमचं नाव अवतरणचिन्हांत टाकून गुगलवर शोधा, मराठी, कन्नड, इंग्रजी, जुन्या-नव्या सगळ्या स्पेलिंगांनी. कुठे ना कुठे नाव आलेलं असतं पण लिंक नसते. ज्याने नाव घेतलंय तो लिंकही देतो, बहुतेकदा एका निरोपात काम होतं. दुसरी: आपल्या भागातल्या जुन्या संस्थांच्या, पर्यटनाच्या पानांवर मेलेल्या लिंका पुष्कळ असतात. त्या जागी पूर्वी काय होतं ते वेबॅक मशीनवर, म्हणजे जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबसाइटवर, बघा. तुमच्याकडे त्याच विषयाचं चालू पान असेल तर कळवा. पान चालवणाऱ्याची वेबसाइट सुधारते, तुम्हाला लिंक मिळते.

मिळालेली लिंक तपासा आणि जपा

लिंक लागली की ती साध्या एचटीएमएल लिंकेसारखी आहे का ते बघा. काही वेबसाइटींत नाव दाबल्यावर नुसती जावास्क्रिप्ट चालते, ती गुगलच्या हाती नीट लागत नाही. "नोफॉलो" खूण असेल तर ती लिंक शिफारस म्हणून धरायची नाही असं समोरचा सांगतोय. ही खूण 2005 पासून आहे, 2019 नंतर गुगल तिला आज्ञा न मानता इशारा मानतं. विकिपीडियाच्या बाहेरच्या लिंका नोफॉलोच असतात, तेव्हा तिथे स्वतःची जाहिरात घुसवू नका. विश्वकोशाचं नुकसान होतं आणि तुमचा फायदा शून्य. समोरच्याने लिंकेचे शब्द कुठले वापरावेत याचाही आग्रह धरू नका. सगळीकडे "बेळगाव सर्वोत्तम चप्पल दुकान" असेच शब्द आले तर ते ठरवून केलंय हे उघड दिसतं.

पानाचा पत्ता रोमन अक्षरांत, आखूड ठेवा. देवनागरी पत्ता कॉपी केला की त्याचं टक्क्यांच्या चिन्हांचं लांबलचक शेपूट होतं, व्हॉट्सॲपवर तो तुटतो, आणि लिंक देणारा कंटाळतो. नवी वेबसाइट बांधताना जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्या पत्त्यावर 301 प्रकारचं कायमचं वळण लावून घ्या. वर्षभर मेहनतीने मिळवलेल्या लिंका नव्या डिझाइनच्या उत्साहात एका रात्रीत मेलेल्या मी बघितल्या आहेत, आणि बांधणाऱ्याने मालकाला त्याबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. बाहेरून लिंका आलेल्या त्या एका पानावरून तुमच्या विक्रीच्या पानांना आतल्या लिंका द्या, म्हणजे त्या वजनाचा उपयोग सगळ्या वेबसाइटला होईल.

वेबसाइटच्या मालकांसाठी गुगलचं सर्च कन्सोल नावाचं साधन आहे, ते फुकट आहे. त्यात "लिंक्स" नावाचा अहवाल असतो, कोणत्या वेबसाइटी तुम्हाला लिंक देतात ते त्यात दिसतं. ओळखीची नसलेली विचित्र नावं दिसली म्हणून घाबरू नका, प्रत्येक वेबसाइटकडे असा कचरा येतो आणि गुगल तो बहुतेक वेळा मोजतच नाही. अशा लिंका नाकारण्याचं गुगलचं साधन ऑक्टोबर 2012 पासून आहे. सर्च कन्सोलमध्ये अनैसर्गिक लिंकांबद्दल कारवाईची नोटीस आली असेल, किंवा पूर्वी विकत घेतलेल्या लिंकांमुळे ती येईल अशी खरी भीती असेल, तरच त्याला हात लावा.

विकतच्या लिंकांबद्दल मला राग आहे तो यासाठीच. "पाच हजारांत पाचशे बॅकलिंक" असे निरोप आपल्या कारागिरांना सतत येतात, आणि पाच हजार ही त्यांच्यासाठी मोठी रक्कम आहे. एप्रिल 2012 मध्ये गुगलने पेंग्विन नावाचा, बनावट लिंका हेरणारा बदल आणला तेव्हा अशा लिंकांवर उभ्या असलेल्या वेबसाइटी कोसळल्या. 2016 पासून तो मुख्य प्रणालीचाच भाग आहे, आणि मार्च 2024 मध्ये मुदत संपलेली जुनी डोमेन घेऊन त्यांच्या नावावर खेळ करण्यालाही स्पॅम धोरणात स्पष्ट बंदी आली. म्हणजे ते पाच हजार एकतर वाया जातात, नाहीतर उलटतात. तेवढ्यात कन्नड पान लिहून होतं आणि चांगले फोटो काढून होतात. "तू मला दे, मी तुला देतो" अशी घाऊक अदलाबदलही त्याच धोरणाने बंद आहे. निपाणीच्या चप्पलवाल्याने आपल्या कातडं पुरवणाऱ्याला लिंक दिली आणि त्याने उलट दिली, यात काही गैर नाही. पण चाळीस अनोळखी दुकानांची यादी तळाशी लावायची नाही.

फळ दिसायला महिने लागतात. तोपर्यंत त्या एका पानाची काळजी घ्या. रस्त्याचं पान मे संपायच्या आत तपासा, चपलांच्या पानावर एखादा नवा प्रकार केला की त्याचा फोटो घाला, तक्त्यात नवा धातू आला की ओळ वाढवा. आणि बदल केला की ज्यांनी लिंक दिली आहे त्यांना दोन ओळींत कळवा. पुढच्या लेखाच्या वेळी त्यांना आधी तुमचा नंबर आठवतो.